ग्वाल्हेरच्या तीन न्यायमित्रांना, उशिरा का होईना

वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्हा तिघांपैकी एकाशीही माझी ओळख नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने २०२० साली तुम्हाला न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, म्हणून नेमलं, एवढं पेपरात वाचलं होतं. तेव्हाच चार ओळी लिहायला हव्या होत्या, त्या आज लिहितो.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली. शहराच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांचं गणपतीशी काय नातं आहे, ते ग्वाल्हेरकराला सांगायला नको. पण सरकारने सांगितलं होतं, सार्वजनिक ठिकाणी मूर्ती बसवायची नाही, जे काही करायचं ते घरात. आम्ही ऐकलं. साथीच्या दिवसांत ते बरोबरच होतं. वर्गणीची पावतीपुस्तकं कपाटातून बाहेरच आली नाहीत आणि आरती मोबाइलवर झाली. प्रत्येकाचं नेट वेगळ्या वेळी अडकायचं, त्यामुळे एकाचं कडवं संपलं तरी दुसऱ्याच्या टाळ्या चालूच.

आणि नेमकं त्याच दिवशी शहरात भाजपचं तीन दिवसांचं सदस्यता अभियान सुरू झालं. मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, नव्याने पक्षात आलेले ज्योतिरादित्य शिंदे, सगळे हजर. काँग्रेसवाले निषेधाला उतरले, तेही गर्दी घेऊनच. मास्क होते, पण बरेचसे हनुवटीवर. गल्लीत जो तो म्हणत होता, "करोना काय फक्त मांडवात शिरतो का?" म्हणायचं आणि गप्प बसायचं, याच्यापुढे आमची मजल गेली नाही.

एका वकिलाने जनहित याचिका केली आणि न्यायालयाने तुम्हाला कामाला लावलं. कुठे सभा होते, तिथे नियम पाळले जातात की नाही, ते बघा आणि कळवा. ऐकायला सोपं वाटतं. पण गर्दी कोणाची होती? विधानसभेच्या २८ जागांची पोटनिवडणूक तोंडावर होती, राज्य सरकार टिकणार की जाणार हे ती ठरवणार होती, आणि त्यातल्या १६ जागा आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या. ज्या शहरात वकिली करायची, त्याच शहरातल्या पुढाऱ्यांविरुद्ध कागदावर लिहून द्यायचं. उद्या त्याच कलेक्टर कचेरीत अशिलाचं काम घेऊन जायचंय, हे ठाऊक असताना. मला वकिलीतलं फारसं कळत नाही, पण हे कळतं.

२० ऑक्टोबरचा उच्च न्यायालयाचा आदेश मी शेजारच्या, कोर्टातून निवृत्त झालेल्या एका शिरस्तेदारांकडून समजून घेतला. न्या. शील नागू आणि न्या. राजीवकुमार श्रीवास्तव यांच्या खंडपीठाने म्हटलं होतं की उमेदवाराचा प्रचाराचा हक्क आणि मतदाराचा जिवाचा हक्क आमनेसामने आले, तर जीव आधी. ऑनलाइन प्रचार शक्यच नाही असं पटल्याशिवाय आणि निवडणूक आयोगाची मंजुरी असल्याशिवाय नऊ जिल्ह्यांत प्रत्यक्ष सभा नको. सभा घ्यायचीच तर येणाऱ्यांना पुरतील त्याच्या दुप्पट मास्क आणि सॅनिटायझरचे पैसे उमेदवाराने आधी भरायचे. शिवाय भाजपचे तेव्हाचे केंद्रीय मंत्री नरेंद्रसिंह तोमर आणि काँग्रेसचे कमलनाथ, दोघांच्याही सभांबद्दल गुन्हे नोंदवायला सांगितलं. एक सत्तेतला, एक विरोधातला. शिरस्तेदार हे वाचताना दोनदा थांबले आणि चष्मा पुसून पुढे वाचू लागले.

सगळंच पटलं असं नाही. भिंडकडच्या एखाद्या खेड्यात, जिथे फोन लावायला गच्चीवर जावं लागतं, तिथे ऑनलाइन सभा कोण ऐकणार? मास्कचे पैसे आधी भरायची अट मोठ्या पक्षाला काहीच नाही. अपक्षाचं मात्र तिथेच कंबरडं मोडतं. पण आदेश निघाला तो आयोग आणि प्रशासन स्वतःचेच नियम पाळून घेत नव्हते म्हणून. आयोगाच्याच सूचनांप्रमाणे घरोघरच्या प्रचाराला उमेदवार धरून पाच माणसं. सभेत मात्र मोजायला कोणी नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आयोग आणि भाजपचे उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणूक घेणं हे आमचं काम, त्यात उच्च न्यायालयाने पडू नये, हे आयोगाचं म्हणणं. २६ ऑक्टोबरला न्या. खानविलकर यांच्या खंडपीठाने स्थगिती दिली. म्हणजे आदेश जेमतेम सहा दिवस जगला. पण स्थगिती देतानाही न्यायालयाने पक्षांना सुनावलंच की नियम पाळले असते तर ही वेळ आली नसती. नंतर सभा झाल्या, ३ नोव्हेंबरला मतदान झालं, सरकार टिकलं. "काय मिळालं यांना?" असं तेव्हा कट्ट्यावर एकाने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

आज सुचतं. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मद्रास उच्च न्यायालयाने प्रचारसभांवरून आयोगाला इतकं झापलं की आयोग त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे ते शब्द कठोर होते असं मान्य झालं, पण सुनावणीतलं बोलणं छापायला माध्यमांना मनाई करा ही आयोगाची मागणी काही मान्य झाली नाही. आणि ८ जानेवारी २०२२ ला उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोव्याच्या निवडणुका जाहीर करतानाच आयोगाने सभा आणि रोड शो बंद केले. सुरुवातीला एक आठवडा, मग मुदत वाढवत, हळूहळू सवलती देत. ग्वाल्हेरला जे करायला आयोग तयार नव्हता, ते त्याने पणजीत आपणहून केलं. हे तुमच्यामुळे झालं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मध्ये दुसरी लाट होऊन गेली होती, केवढी माणसं गेली होती. पण ज्या शहरात सगळे डोळे मिटून होते, तिथे तीन माणसांनी बघितलं आणि सहीनिशी कळवलं, याची नोंद न्यायालयाच्या दफ्तरात आहे.

मंडळाच्या वतीने मनापासून आभार. तिघांच्या नावे श्रीफळ काढून ठेवलं आहे. या गणपतीत कधीही या. ओळख द्यायची नसेल तर नुसते दर्शनाला आलोय म्हणा, आम्ही विचारणार नाही.

आपला,
लष्करातल्या एका गणेश मंडळाचा कार्यकर्ता आणि त्या पोटनिवडणुकीतला एक मतदार