तेल लावा, पण उन्हातून परतल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती ‘नैसर्गिक टॅनिंग ऑइल’ची कृती वाचली. गाजर किसून खोबरेल तेलात उकळायचं, गाळायचं, वर लिंबाच्या सालीचा अर्क आणि सुगंधापुरतं बर्गामॉटचं (लिंबाच्या जातीच्या एका फळाच्या सालीचं) तेल घालायचं. मग ते अंगाला चोपडून किनाऱ्यावर पडून राहायचं. सगळं नैसर्गिक असल्याने त्वचा भाजत नाही, नुसती छान रापते, असा दिलासाही सोबत आहे. मी पेडणे तालुक्यात समुद्राजवळ राहते आणि मोसमात पाहुण्यांना खोल्या देते. त्याआधी बरीच वर्षं फार्मासिस्ट म्हणून औषधाच्या दुकानात उभी होते. खोबऱ्याचं तेलही घरीच काढते. त्यामुळे ही कृती वाचून गप्प बसवेना.

आधी हे स्पष्ट करते, की तेलाशी माझं वाकडं नाही. पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, येऊन गेला की पाणी आटलेले, पुरते पिकलेले नारळ मी बाजूला काढते. ओलं खोबरं खवून, कोमट पाण्यात चुरून, मलमलच्या फडक्यातून रस पिळते आणि रात्रभर झाकून ठेवते. सकाळी वर दाट साय आलेली असते. ती अलगद काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवायची. बराच वेळ नुसती खदखद चालते, मग तळाशी चोथा बदामी होऊ लागतो आणि तेल सुटतं. तडतड पूर्ण थांबल्याशिवाय कढई उतरवायची नाही, कारण पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर खवट होतं. हे आमचं आवेल. गाजर घालायची हौसच असेल तर सावलीत कडकडीत वाळवून घाला. पुरवणीत सांगितल्याप्रमाणे ओला कीस घातलात आणि पाणी पुरतं आटलं नाही, तर बाटलीतून काय वास येईल ते मी सांगायला नको.

आता गाजराने होतं काय? त्याचा केशरी रंग तेलात उतरतो आणि तेलाबरोबर कातडीवर बसतो. साबण लावला की गेला. त्याला रापणं म्हणत नाहीत. तो निम्मा पाहुण्याच्या अंगावर आणि निम्मा माझ्या पांढऱ्या चादरींवर उतरतो, आणि चादरीवरचा मात्र जाता जात नाही!

खरी गडबड खोबरेल तेलाच्या ‘संरक्षणा’ची आहे. खोबरेल तेलाचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून वाचवण्याचा आकडा, ७ असतो, असं जिकडेतिकडे लिहिलेलं सापडतं आणि आपल्या लेखातही ते आलं आहे. हा आकडा आला कुठून? २०१० साली रायपूरच्या दोन संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळी तेलं अल्कोहोलमध्ये पातळ करून, यंत्रातून किरण सोडून मोजमाप केलं होतं. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाचा आकडा सातच्या आसपास आला. प्रयोग म्हणून त्यात वावगं काही नाही. पण तो काचेच्या नळीतल्या द्रावणावर केला होता. तिथे माणसाची कातडी नव्हती, घाम नव्हता, खारं पाणी आणि वाळू नव्हती. त्या आकड्याच्या भरवशावर कुणी एप्रिलच्या उन्हात उताणं पडावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

उलट तेलाने ऊन जास्त आत शिरतं. आपल्याच वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधली की तेल लागलेल्या जागी पलीकडचं दिसू लागतं ना, कोरड्या कातडीवर तेल चोपडलं की काहीसं तसंच होतं. वरच्या कोरड्या थरावरून जो प्रकाश विखरून परत जायचा, तो आत जातो. म्हणूनच सोरायसिसच्या रुग्णाला अतिनील किरणांचा उपचार देताना काही त्वचारोगतज्ज्ञ आधी तेल लावायला सांगतात. किरण आत पोचावेत हाच तिथे हेतू असतो. तिथे मात्रा ठरलेली असते आणि डॉक्टर समोर असतो. किनाऱ्यावर मात्रा कोण मोजणार?

लिंबाबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचं आहे. लिंबाच्या सालीत आणि बर्गामॉटच्या तेलात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी आग होते, फोड येतात आणि मग काळे डाग राहतात. आपल्याकडे कोडावर बावची वापरतात, तिच्यातही हीच द्रव्यं आहेत. बावचीचं तेल लावून बेताबाहेर उन्हात बसलेल्याचे हाल जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक असतात. युरोपात एके काळी बर्गामॉट घातलेली टॅनिंगची तेलं राजरोस विकली जात. पुढे तिथल्या नियमांनी सनस्क्रीन आणि टॅनिंगच्या मालातलं या द्रव्यांचं प्रमाण किलोला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं असं बंधन घातलं. जे तिकडे सोडून दिलं, ते आपण इकडे रविवारी सकाळी चहाबरोबर छापतो आहोत.

हे पुस्तकी बोलणं नाही. एका मोसमात माझ्याकडची एक पाहुणी दिवसभर उन्हात बसून पेयासाठी लिंबं कापत, पिळत होती. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत ओघळाच्या आकाराचे लाल चट्टे आणि बारीक फोड उठले. शेजारीपाजारी सगळ्यांचं एकमत झालं, की जेलीफिश चावला. तिने पाण्यात पायही घातला नव्हता! डॉक्टरांनी ओघळ बघताक्षणी लिंबाबद्दल विचारलं. डाग पुढे कित्येक आठवडे राहिले, असं तिने नंतर कळवलं.

फार्मासिस्ट म्हणून आणखी एक भर घालते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांनी उन्हात विशेष जपावं, कारण त्या गोळीने कातडी लवकर भाजते. परदेशी पाहुणे मलेरिया टाळण्यासाठी ती घेतात आणि आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने ती दिली जाते. रक्तदाबाच्या हायड्रोक्लोरोथायझाइडचंही तेच. गोळीची पट्टी उलटून नाव वाचायला असा किती वेळ लागतो?

मग उन्हात जायचंच नाही का? जरूर जावं. मला स्वतःला सकाळी आठच्या आत आणि दुपारी साडेचारनंतरचा किनारा फार आवडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यूव्ही इंडेक्सप्रमाणे (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ पासून काळजी घ्यायला लागावं आणि ८ च्या पुढे तर जास्तच. गोव्यात मार्च-एप्रिलच्या भर दुपारी हा आकडा ११ च्या वर जातो. हल्ली मोबाइलच्या हवामानात तो दिसतो. मोबाइल नसला तर आपली सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की झाडाखाली बसावं. समुद्रावरचा वारा फसवतो. अंग गार लागतं, पण अतिनील किरणांना वाऱ्याचं काही देणंघेणं नसतं. शॅकच्या छत्रीखालीही वाळूवरून आणि आकाशातून ते येत राहतात.

आगरवाड्याच्या मिठागरांत किंवा शेतात काम करणाऱ्या बायका बघा. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. उन्हाशी ज्यांचं रोजचं नातं आहे, त्या ऊन अंगावर घेत नाहीत, ते अंगावेगळं ठेवतात. सनस्क्रीनपेक्षा मला तो सदरा जास्त भरवशाचा वाटतो, आणि तो दर दोन तासांनी परत लावावा लागत नाही. सनस्क्रीन वापरायचं तर एसपीएफ ३० किंवा अधिक, आणि अख्ख्या अंगाला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे लोक लावतात त्याच्या दुप्पट तरी. घरी झिंक ऑक्साइडची पूड तेलात कालवून ते बनवू नये. पूड गुठळ्या होऊन तळाशी बसते, मग अंगावर कुठे लागली आणि कुठे नाही ते कळत नाही.

रापलेल्या कातडीला ऊन बाधत नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. रापल्याने मिळणारं संरक्षण एसपीएफ ३-४ एवढंच धरतात, आणि ते मिळतं तेव्हा पेशींची इजा आधीच होऊन गेलेली असते. आपण सावळे म्हणून आपल्याला काही होत नाही, असं मुंबई-पुण्याहून येणारी मुलंही म्हणतात आणि संध्याकाळी खांद्याला टॉवेल लागला तरी किंचाळतात. (सोमवारी हीच मुलं पार्लरमध्ये ‘डी-टॅन’साठी पैसे मोजतात, तो वेगळाच विनोद.) अशा वेळी आधी गार पाण्याची पट्टी आणि अंगणातली कोरफड. आग पूर्ण शमेपर्यंत तेल नको, ते उष्णता कोंडून ठेवतं.

त्यानंतर मात्र आवेल हवंच. संध्याकाळी आंघोळ करून, अंग जरा ओलसर असतानाच थोडं चोळावं. खारं पाणी आणि वारा यांनी कोरडी पडलेली कातडी त्याने मऊ होते. टाचांना भेगा असतील तर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, तळकोकणातलं मुठेल, लावावं.

माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराची चौकट छापावी. लिंबाची साल आणि बर्गामॉट वगळा, तेल लावून उन्हात बसू नका आणि चालू असलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, एवढं त्यात आलं तरी पुरे. आवेलाची कृती वर दिलीच आहे. ती छापायला माझी हरकत नाही, फक्त मथळ्यात ‘टॅनिंग’ नको.

आपली नित्य वाचक,
मांद्रे, पेडणे, गोवा