नदीतल्या जिवंत माशांचीही तपासणी हवी

संपादक महोदय,

कृष्णेत पांढरी पोटं वर करून मासे तरंगायला लागले की पाण्याचे नमुने घ्यायची धावपळ होते. तोवर विषारी पाणी पुढे वाहून गेलेले असते. समुद्रकिनाऱ्यालगत प्रदूषण मोजताना जिवंत माशांतले जैवसूचक, म्हणजे प्रदूषणामुळे त्यांच्या शरीरात होणारे मोजता येण्याजोगे बदल, पाहतात. तेलाचे प्रदूषण असेल तर यकृतातल्या ठरावीक विकरांची (एन्झाइमची) क्रिया वाढते, जड धातूंमुळे मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक असेल तर मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारे विकर मंदावते, आणि तेही मासा मरण्याआधी! द्राक्षबागांच्या सांगलीला ही शेवटची तपासणी फार मोलाची आहे. अंडी घालण्याच्या हंगामात यांतले काही आकडे बदलतात, त्यामुळे स्वच्छ पाण्यातल्या त्याच जातीच्या माशांशी तुलना करावीच लागेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाने उन्हाळ्यात पाणी आटण्याआधीच हे काम सुरू करावे.

– एक वाचक, सांगली