माळ्यावरचं ऑक्सिजन मशीन खाली काढा

स.न.वि.वि.

चिंचपोकळी, लालबाग, करी रोड भागातल्या रहिवाशांना मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातर्फे विनंती.

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तुमच्यापैकी काहींनी धावाधाव करून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, घेतला होता. आता तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर पडला असेल. तो आम्हाला हवा आहे.

आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना पावसाळ्यात ताप आला. मधुमेह जुना. कोरडा खोकला, अंग ठणकत होतं, तरी चार दिवस काढ्यावर काढले. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त लागू पडतं, ती वेळ गेलीच. पाचव्या दिवशी जिना चढताना मध्येच बसले. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ८८ टक्के दाखवत होता आणि काका म्हणत होते, "मला काही झालेलं नाही रे." इस्पितळात नेलं, तपासणीत इन्फ्लुएन्झा (म्हणजे फ्लूच) आणि न्यूमोनिया निघाला. व्हेंटिलेटर लागला नाही. अकराव्या दिवशी घरी सोडलं, चाळीत पेढे वाटले.

पेढ्यांची जरा घाईच झाली. बसल्या जागी ९४ असणारा आकडा गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाऊन येईतो ८६ वर यायचा. चौथ्या दाराशी काका भिंत धरून उभे. सुजलेलं फुप्फुस पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे लागतात, त्यात वय आणि साखर. डॉक्टरांनी घरी मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लिहून दिला, आम्ही मशीन पोचवलं. दोन दिवसांनी पाहतो तर दुपारभर बंद! काकूंनी नुसतं मीटरकडे बोट दाखवलं. त्यांचं चूक नव्हतं. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, सोळा तास चाललं की दिवसाला साडेपाच युनिट.

म्हणून मशीनबरोबर रुग्णाच्या वाढीव वीजबिलासाठीही निधी जमवतो आहोत. यंदा मंडपाच्या रोषणाईतून थोडी रक्कम बाजूला काढली (त्यावर बैठकीत बरीच खडाजंगी झाली, असो), पण ती पुरणारी नाही. शंभर-दोनशे रुपयेही चालतील, पावती मिळेल.

मशीन बिघडलेलं असलं तरी द्या. फार दिवस बंद राहिलं की आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) दमट हवा लागते आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते. चांगलं मशीन ९० टक्क्यांच्या वर असतं. तपासून, दुरुस्त करूनच आम्ही पुढे देतो.

डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय मशीन मिळणार नाही, ओळख कितीही असो. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट श्वासविकार) काही रुग्णांना जादा ऑक्सिजन उलट बाधतो, हे ध्यानात घ्या.

कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं. मशीन चौदा-पंधरा किलोचं असतं, एकट्याने माळ्यावरून उतरवू नका. निरोप द्या, पोरं पाठवतो.