राउटर बसवतानाच डब्ल्यूपीएस बंद करून द्यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या रामबागेतल्या घरचे नेट रोज संध्याकाळी रडायला लागले. तक्रार करण्याआधी राउटरचे पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी बघितली. सहा आमची, सातवा एक रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे पोहोचवणारी डबी. तो वरच्या भाडेकरूंचा. दोन वर्षांपूर्वी राउटरमागचे डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचे, बटण दाबून मीच तो जोडून दिला होता. पुढे ते समोरच्याच घरात राहायला गेले, रिपीटरही घेऊन गेले. आमची गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या खिडकीतल्या त्या डबीला आमचा सिग्नल मिळतच राहिला. शिवाय रिपीटरच्या स्वतःच्या नेटवर्कला पासवर्डच नव्हता. म्हणजे आमचे नेट गल्लीत कुणालाही खुले! त्यांच्या सुनेला सांगितले तर ती बिचारी ओशाळली. "काका, आम्हाला वाटलं हे आमच्याच नेटचं आहे." तिची काहीच चूक नाही. बटण मी दाबले होते.

बटण दाबले की राउटर दोन मिनिटे नव्या उपकरणाची वाट बघतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या दोन मिनिटांत तो उपकरणाला चक्क आपला पासवर्ड देऊन टाकतो. तो पासवर्ड बदलेपर्यंत त्या उपकरणाला दार उघडेच.

तरी बटणापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती डब्ल्यूपीएसच्या पिनची. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला तो आठ आकडी नंबर; पासवर्डऐवजी तो टाकला तरी उपकरण जोडले जाते. बटणाला कुणी हात लावला नाही तरी कित्येक जुन्या राउटरमध्ये पिन चालूच असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असे वाटते, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पहिले चार व पुढचे तीन वेगवेगळे तपासतो. म्हणून जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत काम फत्ते, तेही बाहेर गल्लीत बसून. हे डिसेंबर 2011 मध्येच जगासमोर आले. एकदा पिन सापडला की पासवर्ड कितीही अवघड ठेवा, तो हातात येतो.

आणि आपला पासवर्ड तरी अवघड कुठे असतो? बसवणारा मुलगा घाईत मोबाइल नंबरच टाकून जातो. तो साऱ्या गल्लीला पाठ असतो, आणि नसला तरी नुसत्या दहा आकड्यांचा पासवर्ड शोधणे आजच्या कॉम्प्युटरला जड नाही.

कुणी म्हणेल, वापरले शेजाऱ्याने थोडे नेट तर काय बिघडले? जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस त्या घरी पोहोचले होते. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच.

म्हणून शहरातल्या सर्व नेटवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरी राउटर बसवाल तेव्हाच डब्ल्यूपीएस, विशेषतः पिन, बंद करा. राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये वायफायला कुलूप लावायच्या पद्धतींपैकी डब्ल्यूपीए3 किंवा निदान एईएसवाले डब्ल्यूपीए2 निवडा. टीकेआयपी ही पद्धत आता जुनी झाली. ग्राहकाला समोर बसवून त्याच्याकडूनच लांबलचक पासवर्ड टाकून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. अडणार तर कुणाचेच नाही: आयफोनमध्ये ही बटणाची सोय कधी नव्हतीच, आणि अँड्रॉइडनेही ती 2018 पासून काढून टाकली आहे. एखाद्या जुन्या प्रिंटरसाठी लागलीच तर तेवढ्यापुरती चालू करता येते.

माझ्या घरी मी हे सगळे केले, पासवर्ड बदलला, आणि समोरच्या सुनेचा रिपीटरही तिच्याच राउटरला जोडून दिला. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या भागांतल्या ज्या ज्येष्ठांना हे एकट्याने जमणार नाही, त्यांच्या घरी रविवारी सकाळी येऊन करून द्यायला मी तयार आहे. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर