शून्याला चिकटलेली रेघ आणि माझा तीळ : मॉरिशसच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री,
पोर्ट लुई, मॉरिशस

महोदय,

सप्रेम नमस्कार. इंग्रजीत अर्ज करून झाले, फ्रेंचमध्येही झाले. ते कोणी वाचले नाहीत, तेव्हा हे मराठी पत्र न वाचायलाही आपल्याला अडचण येऊ नये. निदान आमची माणसं तरी वाचतील, इथली आणि कोकणातली.

माझी मागणी लहान होती. पश्चिम किनाऱ्याकडे वडिलांची दोन आर्पां जमीन आहे, साधारण दोन एकर. तिथे लावायला भारतातून तिळाचं बियाणं आणण्याचा परवाना हवा होता. कुठल्या खिडकीवर गेलो ते लिहीत नाही. "सप्टेंबरच्या पेरणीआधी कागद हातात पडेल," असं तिथल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. सप्टेंबर गेला, तीळ राहिला. आणि परवा शेतकऱ्यांच्या बैठकीत त्याच साहेबांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. लहान बेटांच्या देशांत माणशी दररोज तिळातून किती ग्रॅम प्रथिनं मिळतात त्याचा. रेघ शून्याला चिकटलेली. साहेब हसून म्हणाले, "बघा, इतकं नगण्य आहे. प्राधान्य कसं देणार?" सभागृहही हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कोणी पिकवत नाही म्हणून आकडा नगण्य, आणि आकडा नगण्य म्हणून कोणी पिकवायचं नाही! याला धोरण म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

मी शाळामास्तर होतो, त्यामुळे तक्ता दिसला की तपासायची खोड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 'लहान बेटांच्या विकसनशील देशां'च्या यादीत 39 सदस्य देश आहेत. त्यात गयाना, सुरीनाम, बेलीझ आणि गिनी-बिसाऊ आहेत. नकाशा काढून बघा, यातलं एकही बेट नाही. त्याच यादीत सिंगापूर आहे, आणि क्यूबा, हैती, डोमिनिकन रिपब्लिक, पापुआ न्यू गिनी हे कोटीच्या आसपास वस्तीचे देश आहेत. आपण सगळे मिळून साडेबारा लाख. त्या सरासरीत मॉरिशसने काय खाल्लं ते शोधणं म्हणजे गावजेवणाच्या हिशेबात एका पोराची वाटी शोधणं. शिवाय तो आकडा खाण्याचा नसतोच, पुरवठ्याचा असतो. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा बियाणं आणि नासाडी, भागिले लोकसंख्या. कोणाच्या ताटात पडलं, कोणाच्या नाही, हे त्या तक्त्याला विचारू नये. साहेबांनी तेच विचारलं, आणि उत्तर माझ्या तोंडावर फेकलं.

आता माझं गणित ऐका. शंभर ग्रॅम तिळात साधारण 18 ग्रॅम प्रथिनं असतात. प्रत्येकाला रोज तिळातून एक ग्रॅम प्रथिन द्यायचं तर साडेपाच ग्रॅम तीळ लागतो. वर्षाला माणशी दोन किलो, देशाला अडीच हजार टन. जगात हेक्टरी सरासरी पाचशे किलोच्या आसपास तीळ येतो, म्हणजे पाच हजार हेक्टर जमीन पुरे. जमीन कुठून आणायची? नव्वदच्या दशकात पंच्याहत्तर हजार हेक्टरांच्या आसपास ऊस होता, आता चाळीस हजारही उरला नाही. मधली पस्तीस हजार कुठे गेली? युरोपने 2006 ते 2009 मध्ये साखरेचा भाव 36 टक्क्यांनी पाडला, तेव्हा आमच्यासारख्या लहान बागायतदारांनी ऊस सोडला. आमच्या दोन आर्पांत तेव्हापासून रान माजलंय. मोठ्यांच्या जमिनीचं मात्र सोनं झालं. 2002 पासून परदेशी धनिकांना व्हिला विकायच्या योजना, 2015 पासून 'स्मार्ट सिटी'. आमच्या बाजूला टामारिनकडे जाऊन बघा, गोल्फच्या हिरवळीला पाणी कसं वेळेवर मिळतं. तिळाला सगळ्या हंगामात दोन-तीन पाण्याच्या पाळ्या लागतात, त्यासाठी मात्र दुष्काळ!

तीळ इथे येणार नाही, असंही एकाने सांगितलं. व्हाकोआ-क्युरपिपच्या पठारावर नाहीच येणार. तिथे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तिळाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. पण आमचा किनारा कोरडा आणि उष्ण आहे. सप्टेंबरमध्ये पेरला तर डिसेंबरअखेर निघतो, चक्रीवादळांचा भर यायच्या आत. काम जिकिरीचं आहे हे मान्य. बोंडं उलली की तीळ रानात सांडतो, म्हणून थोडा हिरवट असतानाच कापायचा, पेंढ्या बांधून उभ्या वाळवायच्या आणि ताडपत्रीवर उलट्या धरून झटकायच्या. आजी हे हाताने करून दाखवायची, नुसत्या काड्या घेऊन. तिने तिच्या आजीकडून ऐकलं होतं, रत्नागिरीकडचं. पिढ्यान्‌पिढ्या साहेबाचा ऊस कापला, स्वतःचा तीळ काही झटकता आला नाही.

आणि माझं दुखणं ऐकणार असाल तर ऐका. मला मधुमेह आहे. या देशात पाच प्रौढांमागे एकाला आहे, म्हणजे मी काही विशेष नाही. डॉक्टर म्हणतात भात-पाव कमी करा, डाळी खा, तीळ खा. बरोबरच आहे, डाळीत जे प्रथिन कमी पडतं ते तीळ भरून काढतो, आमटीत कूट घालणाऱ्या आमच्या बायांना हे डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. पण मैद्याला सरकारची सबसिडी, पावाला सरकारची सबसिडी, आणि तीळ मात्र दुकानदार मागेल त्या भावाने. आधी स्वस्त पाव खाऊ घाला, मग सरकारी दवाखान्यात पाय फुकट कापा. दोन्ही कल्याणकारी योजनाच! खिडकीपुढे उभं राहून तळपायांची आग होते, रात्री झोप लागत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, सोडून द्या, तीळ विकत आणू." तिचं बरोबर असेल. मी मात्र हट्टाला पेटलोय.

विकत आणू, पण कुठून? देशाच्या चार घासांतले तीन जहाजातून येतात. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत सुपरमार्केटं बंद झाली आणि उघडली तेव्हा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे रांगा लागल्या, हे आपण विसरलात का? 2023 च्या एप्रिलपासून सुदानमध्ये युद्ध आहे, आणि सुदान हा तिळाच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक. त्याच वर्षी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखली. 2024 ची संक्रांत तर बेलाल वादळाने बुडवली. 15 जानेवारीला पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या आणि आम्ही हळदीकुंकवाचं ताट झाकून बसलो. दर वेळी तुमच्याकडून एकच वाक्य येतं : अन्नसुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य. मग समिती, मग अहवाल, मग परदेशात परिषद. विरोधात असताना हेच लोक रान पडलेल्या उसाच्या जमिनींवर गळा काढतात आणि खुर्चीत बसले की त्याच जमिनीच्या विक्रीच्या कोनशिला बसवतात. रंग बदलतो, पक्ष बदलतो, कोनशिला त्याच.

चायनाटाऊनमध्ये गातो झिंझ्ली, म्हणजे तिळात घोळवून तळलेले गोड गोळे, खाताना आपले फोटो छान येतात, साहेब. त्यावरचा तीळ कुठला, हे कधी विचारलंत?

असो. मला अनुदान नको, फोटोही नको. बियाण्याचा परवाना द्या. कीड-रोगाची तपासणी हवी तितकी कडक करा, तिचं शुल्क मी भरतो. एक हंगाम पाणी द्या. एक कृषी अधिकारी शेतावर पाठवा, आलेख न घेता. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कारणासह आणि सहीनिशी लिहून द्या. ऑगस्टअखेरपर्यंत कागद आला नाही तर मी ते दोन आर्पां नांगरून मोकळे ठेवणार आहे, आणि बांधावर पाटी लावणार आहे : 'तिळासाठी राखीव, परवाना मंत्रिमहोदयांकडे अडलेला.' मराठीत, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि क्रिओलमध्ये.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक आणि लहान बागायतदार
मॉरिशस