काका, त्या दिवशी मला स्कूटरवर बसवून नेलंत, त्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून बोलले असते तर तुम्ही "पुरे गं, चहा सांग आधी" म्हणून विषय बदलला असतात, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखे टॅक्सचं काम करणारे, विम्याची एजन्सी असलेले, छोटं दुकान किंवा क्लिनिक चालवणारे बरेच जण आत्ता तिथेच आहेत जिथे मी दोन-अडीच वर्षांपूर्वी होते.

नारायण पेठेतली आपली ती एक खोली, दोन टेबलं, खिडकीकडचं तुमचं, दाराकडचं माझं, भाडं अर्धं अर्धं. तुम्ही १९८८ पासून विमा एजंट, मी २०१६ पासून लोकांची रिटर्न्स भरणारी. सुरुवातीची वर्षं आठवतात ना, जून-जुलैत जिन्यात चपलांचा ढीग असायचा. लोक खिशातून फॉर्म १६ ची (पगारातून कापलेल्या टॅक्सच्या दाखल्याची) घडी काढता काढता मुलीच्या लग्नाचं ठरतंय, वाडा डेव्हलपमेंटला जातोय, भावाशी बोलणं बंद आहे, असं सगळं सांगायचे आणि त्यातच मला हवी ती माहिती मिळून जायची. वाडा जातोय म्हणजे भाडं येणार, लग्न ठरतंय म्हणजे एफडी मोडणार.

मग मार्च २०२० चा लॉकडाऊन आला आणि सगळं व्हॉट्सॲपवर गेलं. फोटो काढून पाठवा, ओटीपी सांगा, झालं काम. खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. पूर्वी एखादी नोटीस आली की स्वारगेटच्या पीएमटी बिल्डिंगला नाहीतर सॅलिसबरी पार्कला चकरा मारायच्या, ते २०२० च्या ऑगस्टपासून फेसलेस झालं, उत्तरं घरबसल्या पोर्टलवर. नोव्हेंबर २०२१ मधे एआयएस आलं, म्हणजे आयकर खात्याकडे जमलेल्या माहितीचा एकत्र तक्ता, क्लायंटच्या लॉगिनमधून उघडलं की त्याचं व्याज, डिविडंड, शेअरची विक्री सगळं समोर. मला वाटलं आता माणसाला विचारायचं राहिलंच काय. २०२२ मधे मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव आपोआप पडतं, तारीख आपोआप पडते, २१२ क्लायंट आणि एक बटण. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत, फक्त विचारलंत, "आणि ते उत्तर देतात का?"

जुलै २०२३. लिस्टमधे एक नाव लाल दिसत होतं, सात मेसेज गेलेले, उत्तर शून्य. मी वैतागून मोठ्यानेच म्हणाले की या माणसाला काय झालंय, रिटर्न भरायचंय की नाही. तुम्ही चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलंत आणि म्हणालात, "अगं, ते गेले की. फेब्रुवारीत."

तुम्हाला माहीत होतं कारण त्यांच्या पॉलिसीचा क्लेम फॉर्म तुम्हीच भरून दिला होतात. मला माहीत नव्हतं. सात वर्षं मी त्या माणसाचं रिटर्न भरत होते. तुम्ही रागावला नाहीत, "बघ, सांगत होतो ना" पण म्हणाला नाहीत. पेनाला टोपण लावलंत, किल्ली उचललीत आणि म्हणालात चल.

दांडेकर पुलावरून सिंहगड रोडला, फ्लायओव्हरचं काम चालू असलेल्या त्या खड्ड्यांमधून आनंदनगरपर्यंत तुमच्या मागे बसून आले, सगळा रस्ता काय बोलायचं तेच ठरवत होते आणि काही सुचत नव्हतं. त्या क्लायंटच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं. तिपाईवर त्यांच्या मिस्टरांचा फोन चार्जिंगला लावलेला होता, कव्हर सैल झालं म्हणून रबरबँड लावलेला. "बंद करवत नाही हो, कोणाकोणाचे फोन येतात अजून," म्हणाल्या. आणि तो उघडून त्यांनी मला माझेच मेसेज दाखवले. प्रिय अमुक अमुक, आपले आयकर विवरणपत्र प्रलंबित आहे, ३१ जुलैनंतर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागू शकते. सातही, एकाखाली एक.

मग त्या आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यात पाचशेच्या दहा नोटा होत्या. "मला वाटलं तुला माहीत असेल हे गेले ते, आणि तरी पाठवतेयस म्हणजे दंड भरायचाच असणार. म्हणून काढून ठेवले."

काका, मी त्या पाकिटाकडे बघू शकले नाही. अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. माझ्या एका बटणामुळे ती बाई बँकेत जाऊन पैसे काढून आली होती, गुडघे दुखत असताना. आणि मला एक फोन करावा असं त्यांना वाटलं नाही कारण मेसेज पाठवणाऱ्या माणसाला फोन करायचा असतो हेच आता कोणाला वाटत नाही.

तुम्ही कागदांचा विषयच काढला नाहीत. पाणी किती वाजता येतं, भाजी कोण आणून देतं, रात्री सोबतीला कोण असतं, मुलगा नाशिकहून किती दिवसांनी येतो. पाऊण तास. मी घड्याळ बघत होते, आधी. मग लक्षात आलं की तुम्ही एकेक गोष्ट काढून घेताय. बोलता बोलता काकूच म्हणाल्या की बँकेतून अजून ह्यांच्याच नावाने पत्र येतं. म्हणजे एफडी जॉइंट होती, पहिलं नाव त्यांचं, बँकेला ते गेल्याचं कोणी कळवलंच नव्हतं, आणि टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा टॅक्स, गेलेल्या माणसाच्या पॅनवर कापला जात होता. हे एआयएसमधे मला काय दिसलं असतं? व्याजाचा आकडा आणि टीडीएसचा आकडा, दोन्ही अगदी बरोबर.

शेवटी तुम्ही म्हणालात, "काकू, ती पिशवी आणा." साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, त्यात मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅनकार्ड, पासबुकं, आणि एका प्लॅस्टिकमधे सरकारी फॅमिली पेन्शनचा कागद. तो कागद बघून मी पहिल्यांदा त्या घरात नीट श्वास घेतला. कारण गेलेल्या माणसाचं त्याच्या मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, त्यासाठी पोर्टलवर लीगल हेअर म्हणून रजिस्टर व्हावं लागतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं की त्यासाठी कोर्टातून वारस दाखला आणावाच लागणार, वकील, फी, महिने. तसं नाहीये. सरकारने दिलेलं फॅमिली पेन्शनचं सर्टिफिकेट चालतं, जॉइंट खातेदार किंवा नॉमिनी कोण आहे असं बँकेचं पत्रही चालतं. हे मला पाठ होतं. पण तो कागद त्या पिशवीत आहे हे तिथे जाऊन बसल्याशिवाय कसं कळणार होतं?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ३१ जुलैच्या आत रिटर्न गेलं, दंड एक रुपया नाही, उलट १८,४०० रुपये रिफंड काकूंच्या खात्यात आला. एफडी त्यांच्या नावावर करून १५एच, म्हणजे टीडीएस कापू नका असा फॉर्म, बँकेला दिला. फॅमिली पेन्शनवर तेव्हा एक तृतीयांश किंवा १५,००० यातलं जे कमी असेल तेवढी सूट मिळायची, तीही पुढच्या वर्षी त्यांच्या रिटर्नमधे घेतली. ते पाकीट त्यांनी परत कपाटात ठेवलं, ते मी स्वतः बघितलं.

परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात की हप्ते ऑनलाइन झाले तेव्हा तुम्हालाही वाटलं होतं आता घरोघरी जायचं कशाला. पूर्वी चेक घ्यायला जावंच लागायचं. ते थांबलं तेव्हा तुम्ही डिसेंबरची कॅलेंडर हाताने द्यायची ठरवलीत, कुरिअर नाही, वॉचमनकडे ठेवणं नाही. पेठांतली माणसं वाडे पडल्यावर कोथरूड, धायरी, वारज्याला गेली तर तुम्ही तिथे गेलात. कॅलेंडर खिळ्याला लावून द्यायचं आणि चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि तुम्ही काही जुन्या विचारांचे नाही आहात हेही इथे सांगते, नाहीतर लोकांना वाटेल काकांना मोबाईल जमत नसेल. अर्ध्या क्लायंटांना ऑनलाइन भरायला तुम्हीच शिकवलंत. वाचलेला वेळ तुम्ही त्यांच्याच घरी जाऊन घालवलात आणि मी तो वेळ आणखी क्लायंट घेण्यात घालवत होते, एवढाच काय तो फरक.

त्या आठवड्यात तुम्ही मला दोनशे पानी वही आणून दिलीत, अप्पा बळवंत चौकातून, आणि सांगितलंत की एका घराला एक पान, आकडे लिहायचे नाहीत, आकडे कॉम्प्युटरमधे आहेत. मग काय लिहू? "कोण आजारी आहे, कोण परदेशात आहे, फोन कोण उचलतं." फोन सकाळी अकरा ते बारा, दुपारी एक ते चार नाही, वयस्कर माणसं पडलेली असतात. आणि वाईट बातमी कधीही टाइप करून द्यायची नाही.

हे शेवटचं मी आता कायम पाळते. सॉफ्टवेअर आहे अजून, तारखेची आठवण आणि फीची पावती त्यातून जाते. पण डिमांड (आणखी टॅक्स भरा अशी मागणी) आली, रिफंड अडकला, नोटीस आली की आधी फोन, मग कागद. शनिवार पेठेतल्या एक आजी १४३(१) चं इंटिमेशन आलं म्हणून चार रात्री झोपल्या नव्हत्या, त्यांना वाटलं सरकारने केस केली. ते तर प्रत्येकाला येतं, रिटर्न तपासून हिशोब जुळला की नाही एवढंच सांगणारं पत्र. त्यांच्या पानावर आता लिहिलंय, इंटिमेशन यायच्या आधीच फोन करून सांगणे. एका रिक्षावाल्या दादांचं पॅन-आधार लिंक नव्हतं, ३० जून २०२३ ची मुदत टळून पॅन इनऑपरेटिव्ह (निष्क्रिय) झालेलं, मी फोनवर सहज "बाकी काय" विचारलं म्हणून निघालं. १,००० रुपये भरून लिंक केलं, नाहीतर रिफंड अडकूनच राहिला असता.

क्लायंट २१२ चे १६० झालेत. मुद्दाम कमी केले. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आज सांगतेय. वर्षातून दोनदा मी १६० घरांशी नीट बोलू शकते, त्याहून जास्त नाही. घर चालतंय.

या डिसेंबरात तुमचं टेबल रिकामं आहे. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आणि तुम्ही कॅलेंडरांचा गठ्ठा आणि तुमची डायरी माझ्याकडे दिलीत. "जमलं तर बघ," म्हणालात. काका, मला वडिलांनी सुद्धा त्यांची कुठली वस्तू अशी विश्वासाने दिली नव्हती. मनापासून आभार. त्या स्कूटरच्या मागच्या सीटबद्दल, त्या पाऊण तासाबद्दल, आणि रस्ताभर मला काहीही न बोलल्याबद्दल.

कोथरूड आणि कर्वेनगर झालंय, वारज्याची दोन घरं राहिलीत. आनंदनगरला काल गेले, काकूंनी तुमच्यासाठी डिंकाचे लाडू दिलेत, डबा परत हवाय म्हणाल्या. धायरीच्या पानावर तुम्ही काहीतरी लिहिलंय ते अक्षर मला लागत नाहीये, "जिना मागून" आहे की "जिन्यापाशी कुत्रा" आहे? शनिवारी डबा घेऊन घरी येते, तेव्हा सांगा. तोवर धायरीला जात नाही.

तुमची,
दाराकडच्या टेबलावरची