लोअर केलेली गाडी आणि अर्धवट अलाइनमेंट

संपादक महोदय,

आखूड स्प्रिंग टाकून गाडी तीन-चार सेंटिमीटर लोअर केली की पुढच्या दोन चाकांचा टो (वरून पाहता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) जुळवायचा, स्टिअरिंग सरळ करायचं आणि गाडी ताब्यात द्यायची, अशी सर्रास पद्धत पडली आहे. काही हजार किलोमीटरनंतर टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजते. बाहेरून नक्षी शाबूत दिसत असल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. भर वेगात टायर फुटू शकतो, म्हणून हे पत्र.

आतली कड गेली की सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाला, दोष देतात. गाडी खाली आली की चाकाचा माथा आत झुकतो हे खरं, पण उणे एक-दीड अंशाचा कॅम्बर एकटा टायर इतक्या लवकर खात नाही. टायर खातो तो टो. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) यांची लांबी आणि कोन वेगवेगळे असतात. त्यामुळे उंची बदलली की टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. 600 मिलिमीटर व्यासाच्या टायरवर एकूण टो 3 मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवा घासला जातो. चाक आधीच आत झुकलेलं असेल तर ही सगळी घासण आतल्या कडेवर येते.

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, आधीची एक पायरी बहुतेक ठिकाणी चुकते. लोअर आर्मच्या बुशमधलं (सांध्यातल्या रबरी अस्तरातलं) रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलं जातं आणि तसंच राहतं. मग गाडी हवी तेवढी खाली बसत नाही आणि बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवावेत. चाकांवर पूर्ण भार आल्यावरच उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला ते आवळावेत.

त्यानंतर शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंग बसू द्याव्यात. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक असेल तर स्प्रिंग खाचेत नीट बसली आहे का ते आधी पाहावं. बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) किंवा टाय रॉड एंडमध्ये (टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यात) खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर अलाइनमेंट मशीनवरचे आकडे निरर्थक ठरतात.

मशीनवर सुरुवात मागच्या चाकांपासून करावी, कारण गाडी ज्या रेषेत ढकलली जाते ती तीच ठरवतात. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी तुळई) असेल तर जुळवणीची सोय सहसा नसते, शिम (पातळ चकत्या) टाकावे लागतात. मग पुढचा कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल) आणि कॅम्बर. स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एकाच्या जागी एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेला) कॅम्बर बोल्ट बसवून साधारण एक अंश परत मिळवता येतो. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक ठेवू नये, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. स्टिअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टाय रॉड फिरवावेत. टाय रॉडवरचा रबरी बूट (आवरण) पिळला जाणार नाही याकडे लक्ष ठेवून लॉक नट घट्ट करावेत. ईएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदूही पुन्हा नोंदवावा.

काही दोष मात्र मशीनने जात नाहीत. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडी जितकी खाली आली त्यापेक्षा जास्त खाली घसरतं. स्प्रिंग कडक असूनही वळणावर गाडी अपेक्षेपेक्षा जास्त कलू शकते. खड्ड्यात चाक वर गेलं की टो बदलतो आणि स्टिअरिंगला झटका बसतो. यावर लांब खुंटीचे बॉल जॉइंट आणि त्यांना जुळणारे टाय रॉड एंड लागतात. ते मिळत नसतील तर गाडी इतकी खाली नेऊच नये. मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसेच ठेवले तर त्यांचा दांडा आधीच निम्मा आत असतो, आणि गाडी वारंवार बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी अडथळ्यावर) आपटते.

ग्राहकांनी जुळवणीच्या आधीचा आणि नंतरचा, चारही चाकांचे आकडे असलेला कागद मागून घ्यावा. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे असतील तर काहीच फिरवलेलं नाही. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा मोजणी करून आकडे त्याच कागदाशी ताडून पाहावेत, आणि त्या वेळी चाक पूर्ण वळवून टायरची आतली कड हाताने चाचपावी.

आपला,
एक सस्पेन्शन तंत्रज्ञ